विश्लेषण : संगणकाने आखलेले शालेय बसमार्ग पहिल्याच दिवशी का कोलमडले?

९ ऑगस्ट २०२३. अमेरिकेतील केंटकी राज्याच्या लुइव्हिल शहरात नव्या शैक्षणिक वर्षाचा पहिला दिवस. दुपारी शाळा सुटल्या. पण बसने जाणारी शेवटची मुले आपल्या थांब्यावर उतरली, तेव्हा रात्रीचे १० वाजायला दोन मिनिटे उरली होती. बस होत्या, रस्ते होते, संगणकाने आखलेले नवेकोरे मार्गही होते. तरीही पूर्ण व्यवस्था एका दिवसात कोसळली आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. शालेय बसचे नियोजन हे केवळ नकाशावर रेघा ओढण्याचे काम नाही, ते चालकाच्या हाताशी असलेल्या मिनिटांचे गणित आहे, हे या घटनेने दाखवून दिले. ते गणित काय आहे, ते कुठे चुकते आणि त्याची किंमत कोण मोजते, याचा हा आढावा.

नेमके काय घडले?

लुइव्हिल आणि परिसरातील सरकारी शाळा जेफरसन काउंटी पब्लिक स्कूल्स ही यंत्रणा चालवते. तिथे सुमारे ९६ हजार विद्यार्थी शिकतात आणि त्यांपैकी ६५ हजारांच्या आसपास विद्यार्थी बसवर अवलंबून होते. चालकांची संख्या वर्षानुवर्षे घटत होती. आहे त्या चालकांत काम भागवण्यासाठी २०२३-२४ या वर्षापासून बसमार्गांची संख्या सुमारे ७३० वरून ६०० पर्यंत खाली आणण्याचे ठरले. त्यासाठी अल्फारूट या खासगी कंपनीच्या संगणक प्रणालीकडून नवे मार्ग आखून घेण्यात आले. पूर्वी शाळा प्रामुख्याने दोन वेळांना भरत. आता सकाळी ७.४० ते १०.४० या दरम्यान नऊ वेगवेगळ्या वेळा ठरवण्यात आल्या, जेणेकरून तीच बस एका पाठोपाठ अनेक शाळांच्या फेऱ्या करू शकेल.

पहिल्या दिवशी सकाळी अनेक मुले उशिरा शाळेत पोहोचली आणि दुपारी तर गोंधळाला पारावार राहिला नाही. काही मुलांना बस मिळाली नाही, काही चुकीच्या थांब्यावर उतरल्याच्या तक्रारी आल्या. पालकांना आपले मूल कोणत्या बसमध्ये आहे, हे सांगणारे कोणी भेटेना. अधीक्षक मार्टी पोलिओ यांनी जाहीर माफी मागितली. पुढचे दोन दिवस शाळा बंद ठेवण्यात आल्या, मग सुट्टी आणखी वाढवावी लागली. प्राथमिक आणि माध्यमिक वर्ग १८ ऑगस्टला, तर उच्च माध्यमिक वर्ग २१ ऑगस्टला पुन्हा सुरू झाले. बस उशिरा येणे मात्र त्यानंतरही पूर्ण वर्ष चालू राहिले.

‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणजे काय?

अमेरिकेतील स्कूल डिस्ट्रिक्ट हा आपल्याकडील महसुली जिल्ह्यासारखा नसतो. ती केवळ शाळा चालवणारी स्वतंत्र स्थानिक संस्था असते. तिचे मंडळ बहुतेक ठिकाणी मतदार निवडून देतात, हे मंडळ अधीक्षक नेमते आणि मालमत्ता करासह राज्याच्या अनुदानावर तिचा खर्च चालतो. शिक्षकांची नेमणूक, शाळांच्या वेळा, माध्यान्ह भोजन आणि बस हे सारे तिच्याच अखत्यारीत येते.

शालेय बस ही तिथली सर्वात मोठी सार्वजनिक प्रवासी व्यवस्था मानली जाते. देशभरात पाच लाखांच्या घरात पिवळ्या बस धावतात आणि अडीच कोटींहून अधिक मुले त्यांनी ये-जा करतात. या बसचे प्रमाणीकरण १९३९ मध्ये झाले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील टीचर्स कॉलेजमध्ये फ्रँक सायर यांनी बोलावलेल्या परिषदेत बसची उंची, आसने, आतील जागेची रुंदी असे ४४ निकष ठरले. पहाटेच्या अंधुक प्रकाशातही काळी अक्षरे ठळक दिसावीत म्हणून पिवळा रंगही तिथेच ठरला. बस थांबून लाल दिवे लागले की मागची वाहने थांबतात आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरूनही वाहतूक थांबवावी लागते. एवढी शिस्त असलेली व्यवस्था एका दिवसात कोलमडते, तेव्हा त्याचे कारण वाहनात नसून वेळापत्रकात शोधावे लागते.

मार्ग आखणे इतके अवघड का?

कोणत्या क्रमाने थांबे घेतले तर बसचा प्रवास सर्वात कमी होईल, हा प्रश्न ऐकायला सोपा वाटतो. पण १० थांबे घेण्याचे ३६ लाख २८ हजार ८०० वेगवेगळे क्रम होऊ शकतात. थांबे १५ झाले तर हा आकडा १ लाख ३० हजार कोटींवर जातो. म्हणजे सारे पर्याय तपासून सर्वोत्तम निवडणे वेगवान संगणकालाही परवडत नाही. गणितात याला वाहन-मार्ग समस्या म्हणतात. जॉर्ज डँटझिग आणि जॉन रॅमसर यांनी १९५९ मध्ये पेट्रोल पंपांना इंधन पुरवणाऱ्या टँकरच्या संदर्भात ती पहिल्यांदा मांडली. शालेय बससाठी संगणकाने मार्ग आखण्याचे प्रयत्न १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून सुरू आहेत.

टँकरपेक्षा शाळेची बस अधिक अवघड आहे, कारण तिच्यात मुले असतात. थांबा घरापासून चालण्याच्या अंतरावर हवा. लहान मुलाला मोठा रस्ता ओलांडावा लागू नये. एका मुलाने बसमध्ये किती वेळ बसायचे याला मर्यादा हवी. व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलाला वेगळी बस आणि मदतनीस हवा. शिवाय सर्व मुले शाळेची घंटा वाजण्याआधी पोहोचायला हवीत. यांतील एक अट बदलली की बाकीचे सारे मार्ग हलतात.

त्यामुळे काम टप्प्याटप्प्याने होते. आधी मुलांचे पत्ते घेऊन थांबे ठरवतात, मग जवळचे थांबे एकत्र करून फेरी आखतात आणि शेवटी वेगवेगळ्या शाळांच्या फेऱ्या जोडून एका चालकाचा दिवस तयार करतात. लुइव्हिलचा घोळ समजून घ्यायचा तर हा शेवटचा टप्पा पाहावा लागतो.

एका बसला तीन फेऱ्या कशा बसवतात?

साऱ्या शाळा एकाच वेळी भरल्या तर प्रत्येक शाळेला स्वतंत्र बस आणि स्वतंत्र चालक लागतील. म्हणून शाळांच्या वेळा पुढे-मागे ठेवतात. बस आधी उच्च माध्यमिक शाळेची मुले सोडते, मग माध्यमिकची, मग प्राथमिकची. तीन फेऱ्या झाल्या की तीन बसचे काम एका बसमध्ये आणि तीन चालकांचे काम एका चालकात होते.

लुइव्हिलच्या आकड्यांचा ढोबळ भागाकार करून पाहू. ६५ हजार मुले ७३० मार्गांवर विभागली तर एका मार्गावर सुमारे ८९ मुले येतात. मार्ग ६०० केले की हीच संख्या १०८ होते. म्हणजे मार्ग १८ टक्क्यांनी कमी केले, पण उरलेल्या प्रत्येक चालकाचे काम सुमारे २२ टक्क्यांनी वाढले. मोठ्या बसमध्येही १०८ मुले एकदम बसत नाहीत. ती दोन किंवा तीन फेऱ्यांतच न्यावी लागतात.

आता त्यात उशीर कसा वाढत जातो, ते पाहू. समजा, एका फेरीत १२ थांबे आहेत आणि प्रत्येक थांब्यासाठी वेळापत्रकात अर्धा मिनिट धरला आहे. पहिल्या आठवड्यात पहिलीतील मूल आईचा हात सोडत नाही, चालक यादीत नाव शोधतो, आणि प्रत्यक्षात दीड मिनिट लागतो. एका फेरीत १२ मिनिटांचा उशीर झाला. दुसरी फेरी मुळातच १२ मिनिटे उशिरा सुरू होते आणि तिच्यात आणखी १२ मिनिटे जातात. तिसऱ्या फेरीच्या अखेरीस उशीर ३६ मिनिटांवर पोहोचतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये १५ मिनिटांची सैल जागा ठेवली असती तर हा उशीर तिथेच जिरला असता. पण कमी चालकांत जास्त फेऱ्या बसवायच्या म्हटले की पहिली कात्री या सैल जागेवरच लागते. कागदावर ती वाया जाणारी वेळ दिसते.

दुपारी परिस्थिती आणखी बिघडते. सकाळी मूल पालकांच्या हातून थेट बसमध्ये चढते. दुपारी मात्र शेकडो मुलांतून प्रत्येकाला योग्य बसमध्ये बसवण्याचे काम शाळेला करावे लागते. एका मुलाची बस सापडेना तर पूर्ण बस खोळंबते. तिच्या पुढच्या शाळेतील मुले तोवर तिथेच बसून राहतात. शाळा जितक्या उशिरा सुटणार, तितकी बस उशिरा घरी पोहोचणार. शेवटची शाळा संध्याकाळकडे सुटत असेल आणि तिची बस आधीच दोन-तीन तास मागे असेल, तर रात्रीचे १० कसे वाजतात, हे वेगळे सांगायला नको.

बोस्टनमध्ये हेच तंत्र यशस्वी झाले होते ना?

हो, पण अर्धेच. बोस्टनच्या शालेय यंत्रणेचा वाहतुकीवरील खर्च वर्षाला १० कोटी डॉलरच्या पुढे गेला होता. तिथे सुमारे २५ हजार मुले साडेसहाशे बसने दोनशेहून अधिक शाळांत जात. २०१७ मध्ये यंत्रणेने आपली माहिती खुली करून मार्ग आखण्याची जाहीर स्पर्धा घेतली. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था म्हणजे एमआयटीचे दिमित्रिस बर्टसिमस आणि त्यांचे सहकारी आर्थर डेलारू व सेबॅस्टियन मार्टिन यांच्या पद्धतीने ती जिंकली. कर्मचाऱ्यांना जे काम करायला कित्येक आठवडे लागत, ते संगणकाने सुमारे अर्ध्या तासात केले. पुढच्या वर्षी सुमारे ५० बस कमी झाल्या आणि वर्षाला ५० लाख डॉलर वाचले. शिक्षणाच्या खर्चात ही मोठी बचत होती.

त्याच वर्षी दुसरे पाऊल मात्र अडखळले. किशोरवयीन मुलांना पुरेशी झोप मिळावी म्हणून माध्यमिक-उच्च माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरू नयेत, अशी शिफारस अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये केली होती. ती पाळून आणि बसचा खर्चही कमी करून शाळांच्या नव्या वेळा संगणकाने सुचवल्या. सुमारे ८५ टक्के शाळांची वेळ बदलणार होती. मोठ्या मुलांना उशिराची वेळ द्यायची तर लहानांना लवकरची द्यावी लागते, कारण बस त्याच आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये हे जाहीर होताच पालक खवळले. नोकरीच्या वेळा, पाळणाघर, मोठ्या भावंडाने धाकट्याला घरी आणणे, ही सारी घडी विस्कटणार होती. काही दिवसांतच हा प्रस्ताव मागे घ्यावा लागला.

लुइव्हिलने ज्या कंपनीला काम दिले, ती एमआयटीतील याच संशोधनाशी नाते सांगणारी होती. पण दोन्ही शहरांच्या गरजेत फरक होता. बोस्टनला खर्च कमी करायचा होता. लुइव्हिलला चालकच कमी पडत होते. पहिल्या ठिकाणी एखादा मार्ग जमला नाही तर जादा बस लावण्याची सोय उरते. दुसऱ्या ठिकाणी जादा बस उभी असते, ती चालवणारा नसतो. त्यात लुइव्हिलने नवे मार्ग, नवे थांबे आणि नव्या वेळा असे सारे बदल एकाच दिवशी लागू केले. नव्या मार्गांवर ठरलेल्या वेळेत फेरी होणारच नाही, असे अनेक चालकांचे म्हणणे होते.

चालक का मिळत नाहीत?

शाळेच्या बसचे काम दोन तुकड्यांत विभागलेले असते. पहाटे पाच-साडेपाचला डेपोत हजर व्हायचे, नऊ-दहाला मोकळे व्हायचे आणि दुपारी पुन्हा यायचे. मधल्या तीन-चार तासांचा पगार बहुधा मिळत नाही आणि त्या वेळात दुसरी नोकरीही करता येत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत उत्पन्न थांबते. पाठीमागे ५०-६० मुलांचा गोंगाट, भांडणे आणि समोर रहदारी अशा स्थितीत चालक बहुतेक वेळा एकटा असतो. मुलांची वर्तणूक हे नोकरी सोडण्याचे कारण असल्याचे अनेक चालक सांगतात.

हा परवाना मिळवणेही सोपे नाही. अवजड वाहनाचा व्यावसायिक परवाना, प्रवासी वाहतुकीची आणि शालेय बसची स्वतंत्र नोंद, पार्श्वभूमीची तपासणी, अमली पदार्थांची चाचणी, वैद्यकीय तपासणी हे सारे आवश्यक असते. फेब्रुवारी २०२२ पासून नव्या उमेदवारांना मान्यताप्राप्त संस्थेतून प्रशिक्षण घेण्याचा नियमही लागू झाला. यात कित्येक आठवडे जातात. तोवर तोच परवाना घेऊन मालवाहू ट्रक किंवा शहर बस चालवली तर पूर्णवेळ पगार मिळतो. करोनाकाळात घरपोच सामान पोहोचवणाऱ्या कंपन्यांची मागणी वाढली आणि त्यांनीही चालक ओढले. शालेय बसचालकांत वयस्कर लोक बरेच होते. साथीत त्यांच्यापैकी अनेकांनी काम सोडले, ते परतले नाहीत. इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूट या संस्थेच्या विश्लेषणानुसार २०२३ च्या शरद ऋतूत देशातील शालेय बसचालकांची संख्या २०१९ च्या तुलनेत सुमारे १५ टक्क्यांनी कमी होती.

मग किती चालक पुरेसे मानायचे?

मार्ग ६०० असतील तर ६०० चालक पुरेसे, असे वाटणे हीच पहिली चूक ठरते. समजा, रोज सरासरी आठ टक्के चालक आजारपण किंवा घरच्या कामामुळे गैरहजर राहतात. म्हणजे रोज सकाळी ४८ बस चालकाविना उभ्या राहणार. त्यासाठी तेवढे राखीव चालक हवेत. सोमवार आणि शुक्रवारी गैरहजेरी जास्त असते, म्हणून सरासरीपेक्षा थोडे अधिकच हवेत. शिवाय वर्षभरात काही जण नोकरी सोडणार, त्यांच्या जागी येणारे आजच प्रशिक्षणात असायला हवेत.

राखीव चालक नसला की डेपोत सकाळी दुहेरी फेरीची जुळवाजुळव सुरू होते. आपला मार्ग संपवून आलेला चालक दुसऱ्याचा मार्ग घेतो. त्या दुसऱ्या मार्गावरची मुले तोवर तासभर रस्त्यावर उभी असतात आणि त्यांचा पहिला तास बुडतो. असे रोज एकाच वस्तीच्या वाट्याला आले तर ती मुले वर्षभर पहिल्या विषयात मागे पडतात. उलट, जादा काम करून थकलेला चालक महिन्याभरात स्वतःच रजेवर जातो. तुटवडा असा स्वतःच वाढत राहतो.

कपात करायची तर कोणाची?

लुइव्हिलमध्ये या प्रश्नाला जुनी पार्श्वभूमी आहे. १९७५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने तिथे कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय मुलांना बसने एकमेकांच्या वस्तीतील शाळांत पाठवण्यास सुरुवात झाली. तेव्हा त्याला तीव्र, काही ठिकाणी हिंसक विरोध झाला. पुढे आदेश संपला, तरी शाळांत सर्व वंशांची मुले असावीत हे धोरण यंत्रणेने स्वतःहून चालू ठेवले. २००७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी वंशाच्या आधारे शाळा ठरवण्याची पद्धत रद्द केली. तरीही विशेष विषयांच्या ‘मॅग्नेट’ शाळा आणि शाळा निवडण्याची मुभा कायम राहिली. म्हणून लुइव्हिलचे बसमार्ग गल्लीतून जवळच्या शाळेत जाणारे नसून शहर ओलांडणारे आहेत. गरीब वस्तीतील मुलाला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या चांगल्या शाळेत जागा मिळते, पण बस नसेल तर ती जागा कागदावरच राहते.

चालक कमी पडले तेव्हा हेच मार्ग कात्रीत सापडले. दिव्यांग मुलांना बस देणे संघीय कायद्याने बंधनकारक आहे. बेघर कुटुंबांतील मुलांनाही तसेच संरक्षण आहे. वस्तीतील नेहमीच्या शाळेची मुले संख्येने जास्त. उरल्या त्या मॅग्नेट आणि ‘ट्रॅडिशनल’ शाळा. एप्रिल २०२४ मध्ये मंडळाने पुढील वर्षापासून त्यांतील बहुतेकांची बस बंद करण्याचा निर्णय घेतला आणि त्याचा फटका सुमारे १६ हजार विद्यार्थ्यांना बसणार होता. ज्यांच्या घरी गाडी आहे आणि सकाळी मोकळा असलेला पालक आहे, त्यांची शाळा टिकली. इतरांना शाळा सोडावी लागली किंवा दोन-दोन शहर बस बदलत जावे लागले. मार्ग कमी करण्याचा तांत्रिक वाटणारा निर्णय अशा रीतीने कोण कुठे शिकणार, हे ठरवून गेला. पुढे शहराच्या सार्वजनिक बससेवेतील चालकांना शाळेच्या बसवर घेण्याचा करार झाला आणि २०२५ च्या सुरुवातीला मोजक्या शाळांच्या बस परत आल्या.

इतर शहरांनी काय केले?

मॅसॅच्युसेट्समध्ये सप्टेंबर २०२१ मध्ये गव्हर्नर चार्ली बेकर यांनी मुलांच्या व्हॅन चालवण्यासाठी नॅशनल गार्डच्या २५० पर्यंत जवानांना तयार ठेवण्याचा आदेश दिला. चेल्सी, लॉरेन्स, लोवेल, लिन या शहरांपासून सुरुवात झाली. फिलाडेल्फियाने मुलांना स्वतः शाळेत सोडणाऱ्या पालकांना महिन्याला ठरावीक रक्कम देऊ केली. शिकागोने २०२३-२४ मध्ये दिव्यांग आणि बेघर मुलांखेरीज इतरांची बस थांबवली व त्याऐवजी शहरातील बस-रेल्वेची कार्डे दिली. केंद्र सरकारने २०२२ च्या सुरुवातीला परवाना चाचणीतील इंजिनाच्या भागांची ओळख सांगण्याचा टप्पा शालेय बसचालकांसाठी तात्पुरता माफ करण्याची मुभा राज्यांना दिली.

यांतील बहुतेक उपाय तात्पुरते होते. दूरगामी उपाय चालकाच्या कामाच्या तासांशी निगडित आहे. सकाळ आणि दुपारच्या मधल्या वेळेत त्याच व्यक्तीला शाळेच्या स्वयंपाकघरात, मदतनीस म्हणून किंवा देखभालीच्या कामात घेऊन पूर्ण दिवसाचा पगार आणि आरोग्य विमा देणे, हा मार्ग अनेक ठिकाणी अवलंबला जातो. त्यात पैसा लागतो, पण चालक टिकतो.

चांगले नियोजन कसे ओळखायचे?

त्याचा क्रम उलटा असतो. आधी रोज प्रत्यक्ष हजर राहणारे चालक मोजायचे, मग तेवढ्यांत किती फेऱ्या होतील ते ठरवायचे, मग शाळांच्या वेळा आणि शेवटी मार्ग. वेळापत्रकात प्रत्येक दोन फेऱ्यांच्या मध्ये सैल जागा ठेवायची आणि ती ‘बचत’ म्हणून काढून घ्यायची नाही. थांब्यावर लागणारा वेळ नकाशावरून न धरता जुन्या नोंदींवरून धरायचा. शाळा सुरू होण्याआधी प्रत्येक चालकाने आपला मार्ग खऱ्या रहदारीत, खऱ्या वेळेला चालवून पाहायचा आणि त्याने सांगितलेला बदल मार्गात उतरायला हवा. कोणत्या चौकात बस वळत नाही, कोणत्या थांब्यावर पदपथ नाही, हे संगणकाला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

बदल टप्प्याने करणेही तितकेच महत्त्वाचे आहे. एका विभागात नवे मार्ग लागू करून दोन आठवडे पाहिले तर चूक काहीशे मुलांपुरती राहते. आणि बस उशिरा येणार असेल तर ते पालकाला थांब्यावर उभे राहण्याआधी कळायला हवे.

महाराष्ट्रासाठी यात काय आहे?

आपल्याकडे बहुतांश शालेय बस खासगी कंत्राटदार किंवा शाळा चालवतात आणि ग्रामीण भागात एसटीच शाळेची बस असते. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो आणि मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस त्यांच्यासाठी धावतात. २०२१-२२ मधील एसटीच्या प्रदीर्घ संपात या विद्यार्थ्यांचे किती हाल झाले, ते गावोगावी ठाऊक आहे. चालक थांबला की शाळा थांबते, याचा तो अनुभव होता.

हा प्रश्न आता अधिक जवळ येतो आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असणे अपेक्षित आहे. २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने २० वा त्यापेक्षा कमी पट असलेल्या शाळांऐवजी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. त्यासाठी पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ यांची उदाहरणे दिली गेली. वाडीवरची शाळा बंद करून मुलांना बसने मोठ्या शाळेत न्यायचे, हा त्यामागचा विचार आहे. मोठ्या शाळेत शिक्षक, प्रयोगशाळा, मैदान मिळेल, हे खरे. पण तो सारा लाभ एका बसवर आणि एका चालकावर टांगलेला राहतो.

२०११ च्या राज्याच्या शालेय बस नियमांनी प्रत्येक शाळेत परिवहन समिती बंधनकारक केली आहे. थांबे, भाडे आणि सुरक्षितता हे तिचे विषय आहेत. समूह शाळेचा प्रस्ताव आला की या समितीने काही साधे प्रश्न विचारायला हवेत. चालक आजारी पडला तर त्या दिवशी बस कोण चालवणार? पावसाळ्यात घाटरस्ता बंद झाला तर मुले कुठे थांबणार? संध्याकाळची फेरी तासभर चुकली तर वाडीवर फोन कोण करणार? वाडीवरच्या शाळेला कुलूप लावण्याआधी या प्रश्नांची उत्तरे नावानिशी आणि लेखी मिळायला हवीत.